बार्शीची मोजणी

सोलापूरचा डॉक्टर म्हटलं की एकच नाव पुढे येतं, द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली चीनला गेले, १९४२ साली तिथेच वारले, १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. शाळेत असताना कोटणिसांवर भाषण न ठोकलेला सोलापूरकर विरळाच. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण आपल्याच जिल्ह्यात वैद्यकाचा आणखी एक मोठा इतिहास घडलाय आणि त्यावर कुणी भाषण ठोकत नाही. त्यात युद्ध नाही, परदेश नाही, एकटा नायकही नाही. त्यात आहे गावोगाव फिरून केलेली मोजणी, व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी एक महागडी चाचणी आणि सव्वा लाखाहून जास्त बायका.

ही गोष्ट बार्शीची आहे. सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटर.

जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरच्या देशांना सांगितलं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करायची असेल तर पहिली पसंती एचपीव्ही डीएनए चाचणीला द्या. अशा शिफारशी हवेतून येत नाहीत. त्यांच्यामागे पुराव्यांची चळत असते आणि या चळतीतला एक महत्त्वाचा पुरावा तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतून आला होता. तो गोळा करणारी माणसं बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात बसत होती.

मी सॉफ्टवेअरवाला. नोकरी पुण्यात, घर सोलापुरात. आमच्या धंद्यात ए/बी टेस्ट नावाचा प्रकार रोजचा आहे. अर्ध्या लोकांना ॲपमध्ये हिरवं बटण दाखवायचं, अर्ध्यांना निळं, आणि कुठलं जास्त दाबलं जातं ते बघायचं. बार्शीच्या संशोधनाचे निबंध वाचायला घेतले तेव्हा सांगाडा ओळखीचा वाटला. फरक इतकाच, की तिथे बटणाच्या जागी चाचणी होती आणि क्लिकच्या जागी मृत्यू.

आधी मोजा

कुठल्याही रोगाशी लढायचं तर तो किती आहे हे आधी कळावं लागतं. भारतात कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंद सुरू झाली ती मुंबईत, साठच्या दशकात. ऐंशीच्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हाही सुरुवात मोठ्या शहरांपासूनच झाली. याला कारण होतं. शहरातली नोंदणी कशी चालते? रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या नोंदी गोळा करायच्या, मृत्यूचे दाखले तपासायचे, दोन्हींचा मेळ घालायचा. यासाठी रुग्णालय हवं, प्रयोगशाळा हवी आणि मरणाचं कारण लिहिणारा डॉक्टर हवा.

खेड्यात यातलं काय होतं? बाई आजारी पडायची, घरातच झिजायची, घरातच जायची. दाखल्यावर कारण लिहिलंच तर म्हातारपण नाहीतर ताप. अशा ठिकाणी रुग्णालयाच्या कागदांवर विसंबलं तर कॅन्सर नाहीच असं उत्तर येईल. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग लिहिणारंच कुणी नाही, मग एरर दिसणार कशी?

१९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि शेजारच्या उस्मानाबादेतले परांडा आणि भूम, अशा तीन तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. बार्शीच्या रुग्णालयाची धुरा डॉ. भगवान नेने यांच्याकडे होती. साथरोगशास्त्राची आणि आकडेवारीची बाजू कस्तुरी जयंत यांनी सांभाळली. त्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या नात्यावर सत्तरच्या दशकातच महत्त्वाचं काम करून आल्या होत्या.

बार्शीनं शहराची पद्धत उलटी केली. रुग्ण रुग्णालयात यायची वाट बघायची नाही, आपणच गावात जायचं. नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळानं प्रत्येक गावात जात. सरपंच, शिक्षक, दाई, गावातला डॉक्टर, ज्याला गावाची खबर असते त्या प्रत्येकाला भेटत. कुणाच्या छातीत गाठ आहे का, कुणाला गिळायला त्रास होतोय का, कुणाच्या अंगावरून अवेळी जातंय का, असं विचारत. संशयित माणसाला समजावून बार्शीला तपासायला आणायचं. कुणी वारलं असेल तर घरी जाऊन आजाराची हकीकत ऐकून घ्यायची.

या मोजणीतून दिसलं, की या भागातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा आहे. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर पिशवीच्या तोंडाचा.

नुसतं बोलल्यानं काय होतं

पुढचा भाग मला फार आवडतो. गावागावात जाऊन माहिती विचारायची म्हणजे माहिती द्यावीही लागते. लक्षणं विचारताना ती कशाची असू शकतात हे सांगावं लागतं. वेळेवर आलात तर उपचार होतो हेही सांगावं लागतं. नोंदणीच्या निमित्तानं या गावांमध्ये कॅन्सर हा विषय बोलला जाऊ लागला.

१९९५ मध्ये जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी या बोलण्याचा परिणाम प्रसिद्ध केला. जागृती वाढली तशा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत त्याच गटानं जगण्याचं प्रमाणही सुधारल्याचं दाखवलं. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. बाई लवकर दवाखान्यात पोचत होती, एवढंच.

ही किती अवघड गोष्ट आहे हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या घरात या आजारांना नावंच नाहीत. ‘पांढरं जातंय’, ‘पिशवीचा त्रास’, ‘बायकांचं दुखणं’ या तीन शब्दप्रयोगांत अख्खं स्त्रीरोगशास्त्र बसवलेलं असतं आणि पुरुष खोलीत आला की तेही थांबतं. आजी, मावशी, काकू यांची दुखणी मला कळली ती नेहमी संपल्यावर, एखाद्या वाक्यात. ज्या कार्यकर्त्यांनी ऐंशीच्या दशकात परांड्याच्या वाड्यावस्त्यांवर उभं राहून हा विषय काढला असेल, त्यांच्या धाडसाची कल्पना मला त्यावरून येते.

जनुकांची बाजू

आता थोडं विज्ञान. स्क्रोल करू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटानं १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधले. जगातल्या या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

विषाणू पेशीत शिरतो तेव्हा त्याची दोन जनुकं, ई६ आणि ई७, गडबड करतात. आपल्या पेशीत बिघाड दिसला की विभाजन थांबवणारी प्रथिनं असतात. ई६ त्यातल्या पी५३ नावाच्या प्रथिनाची वाट लावतं, ई७ दुसऱ्या एका प्रथिनाला अडकवून ठेवतं. दोन्ही ब्रेक निकामी झाले की पेशी वाढतच राहते. पण हे एका रात्रीत होत नाही. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात आणि बहुतेक संसर्ग त्याआधीच शरीर स्वतःहून परतवून लावतं. आणखी एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याबद्दल काहीही कळत नाही.

तर, हातात दहा-वीस वर्षं आहेत. या काळात बिघडू लागलेल्या पेशी सापडल्या, तर गोठवून किंवा कापून काढता येतात आणि कर्करोग होतच नाही. त्या शोधायच्या कशा? तीन वाटा होत्या.

पहिली पॅप चाचणी, जॉर्ज पापानिकोलाउ यांची. पेशी खरवडून काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. श्रीमंत देशांनी याच चाचणीनं हा कर्करोग आटोक्यात आणला. पण त्यासाठी तरबेज डोळे लागतात आणि तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

दुसरी व्हीआयए. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. प्रयोगशाळा नको, निकाल जागेवर. प्रशिक्षित नर्स हे करू शकते.

तिसरी एचपीव्ही चाचणी. पेशी कशा दिसतात हे न बघता, धोकादायक प्रकारच्या विषाणूचं डीएनए तिथे आहे का एवढंच यंत्र तपासतं. माणसाच्या नजरेवर काही अवलंबून नाही. पण महाग.

चार गट

ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात प्रयोग सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था या तिघांचा हा उपक्रम होता. पैसा आला गेट्स फाउंडेशनकडून. लियाँहून नेतृत्व केलं डॉ. आर. शंकरनारायणन यांनी.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी समूहांची चार गटांत विभागणी. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए, आणि चौथ्याला तपासणी नाही, त्या काळी जिल्ह्यात जी सेवा मिळत होती तेवढीच. बायकांऐवजी गावांची विभागणी का? एकाच गल्लीतल्या एकीला बोलावलं आणि दुसरीला नाही, तर दोघी दुपारी धुण्यावर बोलणारच. गाव हेच एकक धरणं शहाणपणाचं होतं.

तपासणीचं एकच आवर्तन करायचं आणि मग आठ वर्षं बघत राहायचं. कोणाला कर्करोग झाला, कुठल्या टप्प्यात सापडला, कोण गेलं. हे बघता आलं कारण ऐंशीच्या दशकापासून मोजायची सवय लागलेली माणसं शेजारीच होती. प्रयोगाच्या यशाचं अर्धं श्रेय मी त्या जुन्या मोजणीला देतो.

तपासणीला बोलावलेल्या बायकांपैकी सुमारे ७९ टक्के आल्या. म्हणजे पाचांतल्या जवळपास चार. कोण आलं नाही याचाही अभ्यास नेने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तरुण, शिकलेल्या, विवाहित बायका जास्त आल्या. वयानं मोठ्या, न शिकलेल्या आणि एकट्या राहिलेल्या मागे राहिल्या. ज्यांना धोका जास्त त्यांच्यापर्यंत पोचणं अवघड, हे आरोग्यसेवेचं जुनं दुखणं इथेही दिसलं.

निकाल

एप्रिल २००९ मध्ये निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. आकडे सावकाश वाचा.

एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यातल्या १२७ जणींना कर्करोग आढळला. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या आणि ११८ जणींना आढळला.

इथेच थांबलं तर वाटेल, प्रयोग फसला. आकडे जवळपास सारखेच आहेत. माझ्या कामात अशा वेळी कुणीतरी म्हणेल, डॅशबोर्डवर फरक दिसत नाही, फीचर काढून टाका. पण प्रश्न चुकीचा विचारला जातोय. तपासणी केली की जास्त कर्करोग सापडणारच, लवकरचे. विचारायचं हे, की किती पुढे गेल्यावर सापडले? एचपीव्ही गटातल्या १२७ पैकी ३९ जणी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात होत्या. तपासणी नसलेल्या गटातल्या ११८ पैकी ८२.

आणि मृत्यू? एका बाजूला ३४, दुसऱ्या बाजूला ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा झाला.

पॅप आणि व्हीआयए गटांत असा ठोस फरक दिसला नाही. ज्यांना ‘तुम्ही ठीक आहात’ असं सांगून घरी पाठवलं, त्यांचं पुढे काय झालं हेही पाहिलं गेलं. एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्या बायकांमध्ये नंतर कर्करोग होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होतं. पॅपमध्ये निर्दोष ठरलेल्यांत १५.५ आणि व्हीआयएमध्ये १६. म्हणजे ‘ठीक आहात’ या शब्दाचं वजन तिन्ही चाचण्यांत एकसारखं नव्हतं.

व्हीआयए कुचकामी, असा अर्थ मात्र काढायचा नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात झालेल्या मोठ्या प्रयोगात व्हीआयएनं मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी केले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डोळ्यांनी करायची तपासणी कुणाच्या डोळ्यांनी होते आणि किती वेळा होते, यावर खूप अवलंबून असते. यंत्राचं तसं नाही.

एका जिवाचा हिशेब

आता पैशाचं. आरोग्य अर्थशास्त्र ही शाखा पहिल्यांदा वाचताना अंगावर येते. एक वर्षाचं आयुष्य वाचवायला किती रुपये, असा प्रश्न ती उघड विचारते. पण सरकारं हा प्रश्न रोज सोडवतच असतात, फक्त मोठ्यानं बोलत नाहीत. एका प्राथमिक आरोग्य केंद्राला पैसे दिले म्हणजे दुसऱ्या कशाला तरी दिले नाहीत. हिशेब उघड मांडला तर त्यावर भांडता तरी येतं.

उस्मानाबादच्या प्रयोगाचा असा हिशेब २००५ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ रोझा लेगूड यांनी जयंत, नेने, शास्त्री, शंकरनारायणन आणि इतरांसोबत मांडला. नर्सचा पगार, गाडी, रसायनं, प्रयोगशाळा, पुढची तपासणी असं सगळं धरून, बिघाड असलेली एक बाई शोधायला किती खर्च येतो? उत्तर आलं, व्हीआयए सर्वांत स्वस्त, पॅप मध्ये, एचपीव्ही सर्वांत महाग.

त्याच वर्षी सू गोल्डी आणि सहकाऱ्यांनी भारतासह पाच विकसनशील देशांसाठी गणित मांडलं. पस्तिशीच्या आसपास आयुष्यात एकदा व्हीआयए किंवा एचपीव्ही चाचणी केली, तर या कर्करोगाचा जन्मभराचा धोका २५ ते ३६ टक्क्यांनी घटतो आणि वाचलेल्या प्रत्येक वर्षामागचा खर्च त्या देशाच्या दरडोई उत्पन्नापेक्षा कमी राहतो, असं त्यात दिसलं. त्यातली एक गोष्ट आपल्याला लगेच पटेल. बाईला दवाखान्यात किती खेपा माराव्या लागतात यावर बरंच ठरतं. एक खेप म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेला रोज, घरी लेकराला सांभाळायला कुणीतरी. तीन खेपांची तपासणी कागदावर कितीही चांगली असली तरी प्रत्येक खेपेला काही बायका गळतात.

आता २००५ आणि २००९ एकाशेजारी ठेवा. २००५ मध्ये मोजलं काय? सापडलेली प्रत्येक बाई केवढ्याला पडली. त्या मापानं व्हीआयए जिंकली. २००९ मध्ये मोजलं काय? मेली कोण. त्या मापानं एचपीव्ही जिंकली. दोन्ही हिशेब बरोबर होते. पण जगलेल्या बायका मोजायच्या असतील तर आठ वर्षं थांबावं लागतं आणि तोवर थांबायची तयारी फार कमी लोकांची असते. आमच्याकडे तर दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो.

लेगूड पुढे लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेल्या आणि त्यांच्या कामाचा एक मोठा भाग माणसाच्या जनुकांकडे वळला. बीआरसीए नावाच्या जनुकांत दोष असेल तर स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. मग ज्यांच्या घरात आधी कुणाला कर्करोग झालाय त्यांनाच तपासायचं, की सगळ्याच बायकांना? रणजित मनचंदा आणि इतरांसोबत त्यांनी २०२० मध्ये सहा देशांसाठी याचा हिशेब मांडला, त्यात भारतही होता. श्रीमंत देशांत सगळ्यांना तपासणं परवडतं असं दिसलं. भारतात चाचणीची किंमत बरीच उतरेपर्यंत नाही. उस्मानाबादेतला प्रश्न आणि हा प्रश्न एकाच घरातले आहेत. विज्ञान शोधून ठेवतं, मग कुणीतरी विचारावं लागतं की हे परांड्याच्या बाईपर्यंत कितीत पोचेल?

चौसष्ट जणी

आता जे टोचतं ते. चौथ्या गटातल्या ६४ बायका.

अमेरिकी डॉक्टर एरिक सूबा यांनी पुढे उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगल या तिन्ही प्रयोगांवर जाहीर आक्षेप घेतला. पॅप चाचणीनं जीव वाचतात हे दशकानुदशकं माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणं अनैतिक आहे, असं त्यांचं म्हणणं. संशोधकांचं उत्तर, की जिल्ह्यात तपासणीची सोय तेव्हा नव्हतीच, चौथ्या गटाकडून काही काढून घेतलेलं नाही, आणि तुलनेशिवाय भारतासारख्या देशात कुठली चाचणी चालते हे सिद्ध झालं नसतं.

मी दोन्ही बाजू बरेच दिवस डोक्यात घोळवल्या. आमच्या ए/बी टेस्टमध्ये ज्याला जुनं बटण मिळतं त्याचं काही बिघडत नाही. इथे बिघडलं. ‘तिथे तशीही सोय नव्हती’ हा युक्तिवाद तर्काला धरून आहे, पण तो ऐकताना मला अस्वस्थ वाटतं. सोय नसणं हे काही पावसासारखं नैसर्गिक नव्हतं. कुणीतरी ती दिलेली नव्हती. त्याचबरोबर हेही खरं, की प्रयोग झालाच नसता तर चारही गटांतल्या बायका चौथ्या गटासारख्याच मेल्या असत्या आणि ते कुणी मोजलंही नसतं.

माझ्यापुरतं मी असं मानतो, की त्या ६४ जणींचं ऋण संशोधकांपेक्षा जास्त आपल्यावर आहे. निकाल लागल्यावर आपण काय केलं, यावर ते फिटतं किंवा चढत जातं.

एक डोस

बार्शीचं नाव आणखी एकदा जगाच्या वहीत आलं, तेही अपघातानं. सप्टेंबर २००९ मध्ये एचपीव्ही लसीचा प्रयोग देशात नऊ ठिकाणी सुरू झाला. पुणे, मुंबई, दिल्लीबरोबर बार्शीही त्यात होतं. १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढं बघायचं होतं.

त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा इथे एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठलं. काही मुलींचे मृत्यू झाले होते. लसीशी त्यांचा संबंध चौकशीत दिसला नाही, पण संमती घेण्यात गंभीर ढिलाई उघड झाली. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं देशातली अशी सगळी लसीकरणं थांबवली. बार्शीसह नऊ ठिकाणचा प्रयोगही मध्येच थांबला. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन, आणि हजारो मुलींचा एकच.

इथे प्रकल्प गुंडाळून टाकणं सोपं होतं. संशोधकांनी मुलींचा मागोवा घेणं चालू ठेवलं. मुली मोठ्या झाल्या, लग्नं झाली, सासरी गेल्या, तिथेही. २०२१ मध्ये निकाल आला. १६ आणि १८ प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून एका डोसनं मिळणारं संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात होतं, दोन आणि तीन डोसांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वयोगटासाठी एक डोसही चालेल असं मान्य केलं, त्यामागे हा पुरावा होता. हिशेबात याचा अर्थ फार मोठा आहे. तेवढ्याच पैशात दुप्पट मुली.

परतीचा रस्ता

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि ७५ हजारांहून जास्त जातात. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करायचं धोरण आखलं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तुमची ही तपासणी कधी तरी झालीय का? हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. १९९९ च्या उस्मानाबादेत बोलावलेल्यांपैकी ७९ टक्के आल्या होत्या. बायका येत नाहीत, लाजतात, हे कारण त्यामुळे मला पटत नाही. घरापर्यंत जाऊन नीट बोलावलं तर त्या येतात, हे आपल्याच भागानं दाखवून दिलंय.

तपासणी पोचत नाही तिथे भीती पोचते. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं प्रकरण गाजलं. त्यातल्या अनेकींनी सांगितलं, की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल असं त्यांना बजावण्यात आलं होतं. तीस-पस्तिशीतल्या बायका, मजुरी बुडू नये म्हणून घाईत ऑपरेशन करून घेतलेल्या. कर्करोगाचा धोका आहे की नाही हे सांगणारी चाचणी शेजारच्या जिल्ह्यात आजमावून दहा वर्षं झाली होती.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२२ मध्ये मंजूर झाली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचं सरकारनं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं लक्ष्य आहे, ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची तपासणी, आजार सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार. यातले दोन आकडे गाठायची पद्धत बार्शीच्या आसपास तपासून झालेली आहे.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक माझ्याच वयाचे असाल. तुमची बहीण किंवा भाची लसीच्या वयात असेल. आई, मावशी, आत्या, वहिनी तीस ते पासष्टच्या मध्ये कुठेतरी असतील. लस घेतली तरी तपासणी लागतेच, आणि काही त्रास नसतानाच करायची असते, एवढं त्यांना सांगा. एचपीव्ही चाचणी परवडली आणि मिळाली तर ती, नाहीतर सरकारी दवाखान्यात व्हीआयए. आणि सांगताना ‘बायकांचं दुखणं’ म्हणू नका. गर्भाशयमुख असा शब्द आहे. तो जड वाटला तर पिशवीचं तोंड म्हणा. त्या ३४६ गावांत कार्यकर्ते असंच काहीसं म्हणाले असतील, आणि समोरच्या बाईला कळलं होतं.